ढग आणि भोवतालची हवा: इंदूरच्या गच्चीवरून विचारलेले प्रश्न

गेल्या गणेशोत्सवात आमच्या कॉलनीच्या मांडवात मी ढगांवर एक छोटं प्रदर्शन लावलं होतं. इन्सॅट या हवामान-उपग्रहांची काही चित्रं, एक काचेची टाकी, लाल रंगाचं गरम पाणी आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न: ‘ढग भोवतालची हवा पितो का?’ दहा दिवसांत लोकांनी इतकं विचारलं, आणि नंतरही फोनवर इतके प्रश्न येत राहिले, की सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवायचं ठरवलं. मी इंदूरला भौतिकशास्त्र शिकवतो. गडगडाटी ढग हा माझा फार जुना ओढा आहे. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, क्रम मात्र थोडा लावून घेतलाय.

ढग हवा पितो म्हणजे नेमकं काय होतं?

सकाळी पोह्याच्या ठेल्यावर उभे राहा. आपल्याकडे पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते आणि कडेनं वाफ निघत असते. त्या वाफेकडे नीट बघा. भांड्यापाशी ती दाट, पांढरी असते. हातभर वर गेली की तिच्या कडा फाटायला लागतात, झालरी सुटतात आणि आणखी वर ती नाहीशी होते. ती कुठे पळून जात नाही. भोवतालची कोरडी हवा तिच्यात घुसते आणि बारीक थेंबांचं पुन्हा न दिसणारं बाष्प होतं. मे महिन्यात ही वाफ वीतभरही टिकत नाही. ऑगस्टमधल्या पावसाळी सकाळी मात्र ती ठेल्याच्या छपरापर्यंत पोचते. भांडं तेच, आच तीच, फक्त भोवतालची हवा बदललेली असते.

ढगाचं अगदी असंच आहे. वर चढणारा ढग कडेनं आणि माथ्यावर सतत घुसळत असतो आणि त्या घुसळणीत बाहेरची हवा आत ओढतो. शास्त्रज्ञ याला एन्ट्रेनमेंट म्हणतात. मी इथे ‘मिसळण’ म्हणणार आहे. ढगातली हवा बाहेर सुटते ती उलट क्रिया, डिट्रेनमेंट. गडगडाटी ढगाच्या डोक्यावर ऐरणीसारखा पसरलेला पांढरा पत्रा दिसतो ना, तो या बाहेर सुटलेल्या हवेचाच.

शाळेत तर शिकवतात की गरम हवा वर जाते, थंड होते आणि ढग होतो. मग त्यात चूक काय?

चूक काही नाही, पण ते चित्र अर्धंच आहे. पाठ्यपुस्तकातला हवेचा गोळा फुग्यासारखा बंद असतो. तो वर जाताना किलोमीटरला सुमारे ९.८ अंश थंड होतो. बाष्पाचं पाणी व्हायला लागलं की अप्रकट उष्मा बाहेर पडतो आणि थंड होण्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो. बाहेरच्या हवेपेक्षा गोळा गरम राहिला तर तो चढतच जातो. अशा बंद गोळ्याचा हिशोब केला तर आपल्याकडचा जूनमधला ढग सहज १५–१६ किलोमीटर उंच निघतो.

खरे ढग बहुतेक वेळा तिथवर पोचत नाहीत. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९४७ साली समुद्रावरच्या साध्या कापसासारख्या ढगांच्या मोजमापांवरून दाखवलं, की आतलं तापमान आणि पाणी बंद गोळ्याच्या हिशोबात बसतच नाही. ढगात बाहेरची हवा मिसळते असं धरलं तरच आकडे जुळतात. ढग ही बंद वस्तू नसून तो भोवतालच्या हवेशी चाललेला सततचा व्यवहार आहे, ही कल्पना तिथून रुजली. मला स्वतःला ही गोष्ट महाविद्यालयात असताना कोणी सांगितली नव्हती. पुढे वाचनात आली तेव्हा गच्चीवरून दिसणारं आभाळच बदललं, असं मनापासून वाटलं.

थोडी कोरडी हवा मिसळली तर एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो आकड्यांतच बघण्यासारखा आहे. एक किलो हवेत एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली तर ती हवा सुमारे २.५ अंश सेल्सिअसनं गार होते. आता ढगाची हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम असते? बरेचदा जेमतेम एक-दोन अंश. त्या एक-दोन अंशांच्या जोरावरच सगळा डोलारा वर चढत असतो. म्हणजे कोरडी हवा आत आली, एक ग्रॅम पाणी उडालं, की चढणारी हवा भोवतालपेक्षा गार, जड होते आणि खाली यायला लागते.

आता मिसळणीचा वेग. ढगाच्या वस्तुमानात दर किलोमीटरला २० टक्के बाहेरची हवा येत असेल, तर पाच किलोमीटर चढल्यावर त्यात जमिनीजवळून निघालेली मूळ हवा सुमारे ३७ टक्केच उरते. वेग किलोमीटरला १० टक्के असेल तर ६१ टक्के उरते. ५० टक्के असेल तर फक्त ८ टक्के, म्हणजे ढग जवळपास बाहेरच्या हवेचाच झाला म्हणायचा. एका आकड्याच्या फरकानं ढगाचं नशीब बदलतं. म्हणूनच हा आकडा नीट मोजता यावा यासाठी इतकी धडपड चालू असते.

मोठा ढग कमी मिसळतो, हे खरं का?

ढोबळमानानं खरं. बाहेरची हवा कडेनं शिरते आणि रुंद खांबाला त्याच्या पोटाच्या मानानं कड कमी असते. मॉर्टन, टेलर आणि टर्नर यांनी १९५६ मध्ये टाकीतल्या प्रयोगांवरून आणि गणितावरून हे सूत्रात बसवलं. त्या धर्तीच्या हिशोबानं अर्धा किलोमीटर त्रिज्येच्या ढगात किलोमीटरला ४० टक्क्यांच्या आसपास हवा शिरते, दोन किलोमीटर त्रिज्येच्या ढगात १० टक्क्यांच्या आसपास.

यातूनच एक प्रसिद्ध कल्पना आली. हर्बर्ट रील आणि जोआन माल्कस (पुढे जोआन सिम्प्सन) यांनी १९५८ मध्ये मांडलं, की विषुववृत्तीय पट्ट्यात काही मोजके रुंद ढग, ‘तप्त मनोरे’, आतला गाभा जवळपास न मिसळता थेट तपस्तब्धीपर्यंत (हवामान जिथे घडतं त्या थराच्या वरच्या सीमेपर्यंत) पोचतात आणि सगळी ऊर्जा वर नेतात. पुढच्या विमान-मोजणीत असे निर्भेळ गाभे फार कमी सापडले. गाभेही मिसळतात. मग ते इतके उंच जातात कसे? आज त्याचं एक उत्तर असं दिलं जातं, की वर गेल्यावर पाणी गोठतं, त्यातूनही उष्णता सुटते आणि मिसळणीत गेलेली ताकद काही प्रमाणात परत मिळते.

हवा बाजूनं शिरते की माथ्यावरून?

दोन्हीकडून. किती कुठून, यावर जुना वाद आहे. इल्गा पालुच यांनी १९७९ मध्ये कोलोरॅडोतल्या ढगांच्या मोजमापांवरून दाखवलं, की ढगाच्या मधल्या उंचीवर सापडलेली बरीच हवा वरून उतरलेली होती. ढगाचा माथा फुलकोबीसारखा वळत-वळत वर येतो आणि तिथेच हवा गिळतो, हे गच्चीवरून साध्या डोळ्यांनाही दिसतं.

पण हवा तर दिसतच नाही. उपग्रह मोजतो तरी काय?

हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीनं विचारला होता, आणि सगळ्या प्रश्नांत मला हाच सर्वांत आवडला. तो थोडा विस्तारानं सांगतो.

उपग्रह मिसळण थेट बघत नाही. तो दोन गोष्टी मोजतो आणि तिसरी आपण शोधून काढतो. पहिली गोष्ट: ढगाचा माथा किती उंच आहे. यासाठी २८ एप्रिल २००६ ला सोडलेल्या क्लाउडसॅट उपग्रहावर ९४ गिगाहर्ट्झचं रडार होतं. ते खाली लाटा सोडायचं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून ढगाचा उभा छेद काढायचं, जसं कलिंगड कापून आतलं दाखवावं. दुसरी गोष्ट: माथ्याचं तापमान. क्लाउडसॅट ज्या रांगेत उडत होता तिला ए-ट्रेन म्हणायचे आणि त्याच रांगेतल्या ॲक्वा उपग्रहावर मोडिस नावाचं उपकरण आहे. ते ढगातून येणारं अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारण बघून माथा किती थंड आहे ते सांगतं. दोघंही एकाच जागेवरून मिनिटाभराच्या फरकानं जायचे. मिळवलेल्या उंची आणि तापमानाला मग त्या वेळच्या भोवतालच्या हवेचं, म्हणजे प्रत्येक उंचीवरच्या तापमान-आर्द्रतेचं चित्र जोडायचं.

आता युक्ती बघा. समजा माथा ९ किलोमीटरवर आहे. त्या उंचीवर भोवतालची हवा उणे २५ अंश आहे आणि माथा उणे २४. म्हणजे ढग अजून गरम आहे, चढतोय. माथा उणे २७ निघाला तर ढगाची ताकद संपली. तो धावत आलेल्या जोरावर थोडा पुढे गेलाय आणि आता बसणार. हे झालं फक्त निदान. पुढची पायरी जास्त सुंदर आहे. जमिनीजवळची त्या दिवसाची हवा घ्या आणि कागदावर तिला वर चढवा. एकदा न मिसळता चढवा, एकदा १० टक्के मिसळणीनं, एकदा २० टक्के, ३० टक्के. प्रत्येक वेळी ९ किलोमीटरवर तिचं तापमान वेगळं निघेल. ज्या मिसळणीला ते मोजलेल्या उणे २४ शी जुळेल, ती त्या ढगाची मिसळण. आजीच्या हातची भाजी चाखून मीठ किती पडलं ते ओळखावं, तसं हे आहे. मीठ पडताना पाहिलेलं नसतं, चवीवरून उलटा हिशोब करायचा.

२०१० मध्ये झेंगझाओ जॉनी लुओ आणि क्लाउडसॅटचे प्रमुख शास्त्रज्ञ ग्रॅम स्टीव्हन्स यांच्यासह एका गटानं ही पद्धत मांडली. खोल, उंच ढगांची मिसळण कमी निघते आणि मध्येच थांबणाऱ्या ढगांची जास्त, हे त्यातून अवकाशातून दिसलं. तोवर हे विमानांच्या तुरळक फेऱ्यांवरून आणि संगणकातल्या ढगांवरूनच म्हणता येत होतं.

यात खाचखळगेही आहेत. अवरक्त नजर माथ्याच्या अगदी वरच्या थराला न अडखळता थोडी आत घुसते, त्यामुळे तापमान किंचित गरम दिसतं आणि ते दुरुस्त करावं लागतं. एक अंशाची चूकही चालत नाही, कारण आपण पकडतोय तोच फरक एक-दोन अंशांचा आहे.

ऐरणीवरून काही कळतं का?

खूप. बंद गोळ्याच्या हिशोबानं ढग ज्या उंचीवर थांबायला हवा, ती उंची आणि ऐरण प्रत्यक्षात जिथे सर्वांत जास्त पसरते ती उंची, दोन्हींची तुलना करता येते. क्लाउडसॅटच्या छेदांवरून हनी ताकाहाशी आणि लुओ यांनी २०१२ मध्ये अशी तुलना केली, तेव्हा ऐरणीचा मुख्य भाग हिशोबापेक्षा बराच खाली निघाला. हा तफावतीचा पट्टा म्हणजे मिसळणीची सहीच. ढगानं वाटेत जेवढी हवा गिळली, तेवढी उंची गमावली.

हे सगळं इंदूरच्या ढगांवर मोजलंय का?

क्लाउडसॅट जगभर फिरायचा, माळवाही त्याच्या खालून जायचा. पण एक अडचण होती. त्याचं रडार अगदी अरुंद, दीड किलोमीटरच्या आसपासची पट्टीच बघायचं आणि तीच वाट पुन्हा १६ दिवसांनी यायची. शिवाय ए-ट्रेन दुपारी दीडच्या सुमाराला आपल्यावरून जायची. आपल्याकडचे वळवाचे ढग साधारण तीन-चारनंतर जोर धरतात, संध्याकाळी कोसळतात. दीडला दिसतो तो बालपणीचा ढग. २०११ मध्ये बॅटरीच्या बिघाडानंतर क्लाउडसॅट फक्त दिवसाउजेडीच काम करू शकला आणि २०२३ च्या अखेरीस त्याचं रडार बंद झालं.

मग इन्सॅटवरून करता येणार नाही का? तो तर सतत बघतो.

सतत बघतो, हीच त्याची मोठी ताकद. इन्सॅट-३डीआर (२०१६) ७४ अंश पूर्व रेखांशावर आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) ८२ अंशांवर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर उभे आहेत. इंदूर जवळपास ७६ अंशांवर आहे, म्हणजे ३डीआर आपल्या जवळपास नेमका दक्षिणेला. त्याची अवरक्त नजर चार किलोमीटरपर्यंतचं बारीक बघते. रडार त्याच्यावर नाही, त्यामुळे ढगाचा छेद मिळत नाही. पण माथा किती वेगानं थंड होतोय, ते मिळतं.

समजा, महूच्या बाजूला एका ढगाचा माथा १५ मिनिटांत १३ अंशांनी थंड झाला. त्या उंचीवर हवा किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते असं धरलं, तर माथा दोन किलोमीटर चढला, म्हणजे सेकंदाला दोन मीटरपेक्षा थोडा जास्त वेग. आतला ऊर्ध्वप्रवाह, म्हणजे वर चढणारी हवा, याहून जोरदार असतो, कारण फुलकोबीसारखा वळत जाणारा माथा स्वतः आतल्या हवेच्या मानानं हळू चढतो. असा चढता माथा मध्येच मंदावला, गरम व्हायला लागला, तर समजा की भोवतालची हवा जिंकतेय. माथ्याचं तापमान जेव्हा उणे ७०–७५ अंशांपर्यंत जातं, तेव्हा मी खिडक्या लावून घ्यायला सांगतो.

ही चित्रं सगळ्यांना खुली आहेत. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचं मॉसडॅक नावाचं संकेतस्थळ आणि भारतीय हवामान विभागाचं संकेतस्थळ, दोन्हीकडे बघता येतात.

इन्सॅटच्या चित्रात ढग उत्तरेला दिसतो आणि इकडे आमच्या डोक्यावर गडगडतं. असं का?

हा फार चांगला पकडलेला मुद्दा आहे आणि यात उपग्रहाची चूक नाही. ३डीआर आपल्याकडे दक्षिणेकडून तिरकं बघतो, इंदूरला साधारण २६–२७ अंशांच्या तिरपेपणानं. त्यामुळे उंच वस्तू चित्रात उत्तरेकडे सरकते. १४ किलोमीटर उंचीचा माथा जवळपास सात किलोमीटर उत्तरेला दिसतो. म्हणजे चित्रात माथा शहराच्या उत्तरेला सांवेर रोडवर दिसत असला, तर पाऊस शहराच्या उत्तर टोकालाच पडत असू शकतो. बुटका ढग कमी सरकतो. विजेच्या इशाऱ्यासाठी चित्र बघणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवायलाच हवं.

भोपाळच्या डॉपलर रडारवर भागत नाही का?

भागतं, पण अर्धंच. भोपाळ आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा सर्वांत खालचा किरणही इंदूरवर येईपर्यंत तीन किलोमीटरच्या वर गेलेला असतो. शिवाय रडारला पावसाचे थेंब आणि गारा चांगल्या दिसतात, ढगाची कोरडी, फाटणारी कड दिसत नाही. मिसळण तर तिथेच होते.

मे महिन्यात चार वाजता काळंभोर आभाळ येतं, वाटतं आता कोसळणार, आणि अर्ध्या तासात सगळं विरून जातं. हे मिसळणीमुळेच का?

बहुतेक वेळा हो. मे महिन्यात इंदूरला ४० अंश तापमान आणि १२ अंशांचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो) असा दिवस येतो. दोन्हींमधल्या प्रत्येक अंशाला सुमारे १२५ मीटर या हिशोबानं ढगाचा तळच साडेतीन किलोमीटरवर जातो. म्हणजे ढग जन्मतो तोच उंचावर, आणि वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या हवेच्या वेढ्यात. बारीक ढग असेल तर ती हवा त्याला खाऊन टाकते. पावसाळ्यात २८ अंश आणि दवबिंदू २४ असतो तेव्हा तळ अर्ध्या किलोमीटरवर येतो. 

पण एक गोष्ट लोक विसरतात. हीच कोरडी हवा ढगाला मारते आणि जो ढग मरत नाही त्याला भयंकर करते. रुंद ढग कोरड्या पट्ट्यातून वर निघून गेला, की नंतर त्याच्यातून पडणारा पाऊस त्याच कोरड्या हवेत उडायला लागतो. हवा एकदम गार, जड होते आणि ढगाखालून कोसळते. जमिनीवर आपटून चहूकडे पसरते तेव्हा आपल्याकडे आंधी येते: आधी धूळ, मग पत्रे, मग झाडं, आणि पाऊस कधी चार थेंबच. आमच्या गच्चीवरची पाण्याची रिकामी टाकी अशाच एका संध्याकाळी शेजारच्या घरावर जाऊन पडली होती. सुदैवानं खाली कोणी नव्हतं. त्या दिवशी पाऊस मोजला तर भांड्याचा तळही नीट ओला झाला नव्हता. म्हणून वळवाच्या दिवसांत ‘ढग पातळ आहे, काही होणार नाही’ असं म्हणू नका.

पावसाळ्यात मग सगळेच ढग उंच का जात नाहीत?

हवा दमट असली की मिसळण ढगाला कमी बोचते, कारण आत येणारी हवा आधीच ओली असते, थेंब उडत नाहीत. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा माळव्यावर येतो तेव्हा हवेचा अख्खा खांब वरपर्यंत ओला होतो आणि पाऊस दिवसभर चालतो. पावसात खंड पडला की वरच्या थरांत पुन्हा कोरडी हवा घुसते. खाली घामाघूम उकाडा असतो, दुपारी ढगही होतात, पण पाच-सहा किलोमीटरवर माथे कापल्यासारखे थांबतात. दमट दिवसांत पुन्हा गंमत अशी, की खूप ढग झाले तर ऊन कमी पडतं, जमीन तापत नाही आणि वर चढणाऱ्या हवेचा जोरच कमी होतो.

थोडं याच विषयाला जोडून: पावसाळी आर्द्रता अवकाशातून नेमकी मोजण्यासाठी भारत आणि फ्रान्स यांनी मिळून १२ ऑक्टोबर २०११ ला मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह सोडला होता. तो विषुववृत्ताच्या जवळच्या पट्ट्यातच फिरायचा, त्यामुळे उष्ण कटिबंधावरून दिवसात अनेकदा जायचा. त्यावरचं सफीर उपकरण वेगवेगळ्या उंचीवरच्या आर्द्रतेसाठी होतं. ढगाच्या शेजारची हवा कशी आहे हे कळल्याशिवाय ढगाचं काही खरं नाही, हे या मोहिमेनं नीट ओळखलं होतं.

प्रदूषणानं यात फरक पडतो का?

पडतो. धुराचे आणि धुळीचे कण जास्त असले की तेवढंच पाणी जास्त, पण बारीक थेंबांत वाटलं जातं. बारीक थेंब कडेच्या कोरड्या हवेत लवकर उडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं (आयआयटीएम) २००९ पासून कॅइपीक्स नावानं विमानं ढगांत घालून थेंब, कण आणि मिसळण यांची मोजणी केली आहे. पण शहरावर धूर आहे म्हणून पाऊस इतक्या टक्क्यांनी घटला, असं कोणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. ढगाचं गणित इतकं सरळ नाही.

आमचं शेत देपालपूरकडे आहे. सोयाबीनला याचा काय उपयोग?

भाऊ, खरं सांगतो: मिसळणीचा आकडा तुम्हाला उद्या सकाळी पेरणी करायची की नाही ते सांगणार नाही. त्यासाठी हवामान विभागाचा अंदाज आणि कृषी सल्ला बघा. पण त्या अंदाजामागच्या संगणकाला आकडा लागतो. संगणकातल्या चौकटी बरेचदा ढगापेक्षा मोठ्या असतात. त्यामुळे ढग किती हवा पितो ते त्याला बाहेरून सांगावं लागतं. कमी सांगितलं तर तो जिथे तिथे आणि दुपारी बाराच्या आतच पाऊस पाडतो. जमिनीवर पाऊस फार लवकर पाडण्याचा दोष या संगणकांमध्ये बराच काळ आहे आणि त्यात मिसळणीचा वाटा आहे.

विजेसाठी मात्र आजच एक काम करा. आयआयटीएमनं बनवलेलं दामिनी ॲप फोनवर ठेवा. मध्य प्रदेशात वीज पडून दरवर्षी फार माणसं जातात, त्यातली बरीच शेतात असताना. ढग गरजला की झाडाखाली थांबू नका.

हवामानबदलाशी याचा संबंध आहे म्हणतात. ते कसं?

कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वी किती तापेल, याचं उत्तर वेगवेगळी मॉडेलं वेगवेगळं देतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात लोकांच्या घरच्या संगणकांवर हवामानाचं मॉडेल हजारो वेळा चालवलं गेलं, दर वेळी आतले आकडे थोडे बदलून. उत्तरं फार लांबपर्यंत पसरली. त्या पसाऱ्याला जे आकडे सर्वांत जास्त कारणीभूत ठरले त्यांत ढगांच्या मिसळणीचा आकडा अगदी वर होता. मिसळण कमी धरली की ढग ओलावा पार वर नेऊन सोडतो. वरचं बाष्प उष्णता अडवतं. म्हणजे ठेल्यावरची वाफ किती वर जाते हाच प्रश्न, फक्त पृथ्वीएवढ्या मापाचा.

पुढे काय येतंय?

२८ मे २०२४ ला युरोप आणि जपाननं मिळून अर्थकेअर उपग्रह सोडला. त्याच्यावरचं ढगांचं रडार डॉपलर प्रकारचं आहे, म्हणजे ढगातलं पाणी-बर्फ वर चाललंय की खाली, तेही अवकाशातून मोजतं. असं पहिल्यांदाच होतंय. नासाच्या इन्कस मोहिमेत तीन छोटे उपग्रह एकामागोमाग दोनेक मिनिटांच्या आत एकाच वादळावरून न्यायची योजना आहे, म्हणजे एकाच ढगाची तीन चित्रं आणि त्यातून वाढीचा वेग मिळेल. मला स्वतःला मात्र सर्वांत जास्त ओढ आहे ती आपल्या शेजारच्या सीहोर जिल्ह्याची. तिथे सिलखेड्याला आयआयटीएमनं वातावरण-संशोधनाचं मोठं केंद्र उभारलंय. आपल्याच मान्सूनच्या पट्ट्यात ढग जमिनीवरून मोजायची सोय झाली. उपग्रहाचा हिशोब खरा की खोटा, ते शेवटी अशाच ठिकाणी पडताळता येतं.

मांडवातला टाकीचा प्रयोग घरी कसा करायचा?

पाच-सात जणांच्या आयांनी विचारलंय, म्हणून नीट सांगतो. काचेची छोटी माशांची टाकी किंवा मोठी पारदर्शक बरणी घ्या, त्यात फ्रिजमधलं थंड पाणी भरा आणि पाणी स्थिर होऊ द्या. औषधाची छोटी बाटली गरम पाण्यानं भरा, त्यात खाण्याचा लाल रंग चांगला चार-पाच थेंब घाला. पाणी उकळतं नको, मुलांच्या हातात द्यायचं आहे. बाटलीच्या तोंडावर बोट ठेवून ती तळाशी नेऊन उभी ठेवा आणि बोट काढा.

लाल खांब वर निघतो. पहिली दोन बोटं तो सरळ जातो, मग कडेनं वळणं सुटतात आणि खांब रुंद होत जातो. वीतभर वर गेल्यावर तो पाच-सहा सेंटीमीटर रुंद झालेला असतो आणि रंग लालचा गुलाबी होतो. तो फिकेपणा म्हणजेच मिसळण. मुलांना वही द्या, पट्टी द्या आणि चार उंचींवर रुंदी मोजायला सांगा. मग तीच टाकी खालच्या अर्ध्यात मीठ घातलेल्या थंड पाण्यानं भरा आणि वर साधं पाणी चमच्यावरून अगदी हळू सोडा. आता बाटली पुन्हा तळाशी ठेवा. या वेळी लाल खांब मध्येच, दोन पाण्यांच्या सीमेजवळ अडतो आणि आडवा पसरतो. आमच्या मांडवात पहिल्यांदा असं झालं तेव्हा सगळी पोरं एकदम ओरडली, ‘काका, ऐरण!’